आपण चांगलं शिकतो, हे ठरवायचं कुणी?

"एकदा वाचलं की माझ्या डोक्यात फिट्ट बसतं." "मला ऐकून जास्त कळतं, वाचायचा कंटाळा." "आरंभशूर आहे हो मी. दोन महिने उत्साह, मग ये रे माझ्या मागल्या." "आता या वयात काय राहणार लक्षात!" चाळिशीपुढच्या कुणाशीही नवीन काही शिकण्याचा विषय काढा, यांतलं एक तरी वाक्य ऐकू येतंच. स्वतःच्या जमेच्या आणि लंगड्या बाजू प्रत्येकाला तोंडपाठ असतात. स्मरणशक्ती आणि शिकणं यांवर गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत जे संशोधन झालं, त्याने सगळ्यात मोठा सुरुंग लावला तो नेमका या खात्रीला. आपण किती शिकलो आणि कसं शिकतो, याचा आपला अंदाज चुकतो. पुष्कळदा तो चक्क उलटा असतो. ज्याला आपण ताकद समजतो तिथेच पाणी मुरत असतं, आणि जिथे अडखळून वैतागतो तिथे काहीतरी खरंखुरं डोक्यात उतरत असतं.

हे उगाच हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण धरून बोलू. जुनी मराठी कागदपत्रं जिच्यात लिहिलेली आहेत ती मोडी लिपी शिकणाऱ्या माणसाचं. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग भरतात आणि त्यांत निवृत्त मंडळींचा भरणा बराच असतो. बँकेतून, शाळेतून, सरकारी कचेरीतून मोकळे झालेले, घरात आजोबांच्या वेळचं दप्तर गुंडाळून ठेवलेलं आहे आणि ते एकदा तरी स्वतः वाचायचं आहे, असे लोक. परीक्षेची सक्ती नाही, बढतीचं आमिष नाही. हौशीने, आपल्या पायांनी चालत येऊन केलेलं शिक्षण म्हणतात ते हेच.

मोडी दिसायला देखणी आणि वाचायला खट. बोरूने आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरं लिहीत जायचं, ही तिची रीत. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नाही. शिकणाऱ्याच्या पुस्तकात एका बाजूला मूळ मोडी पत्र असतं आणि शेजारी किंवा खाली त्याचं देवनागरी लिप्यंतर. नजर मोडीवर जाते, तिथून देवनागरीवर, पुन्हा मोडीवर. चार-पाच वेळा असं झालं की पत्र गुळगुळीत वाटायला लागतं. माणूस समाधानाने पान उलटतो: आलं मला. आता लिप्यंतरावर हात ठेवा आणि त्यालाच तेच पत्र वाचायला सांगा. पहिली ओळ धडाधड जाते, कारण ती मायन्याची असते आणि मायने ठरलेले असतात. दुसऱ्या ओळीत तिसऱ्या शब्दाला गाडी रुतते.

मग इतका वेळ जे 'आलं' असं वाटत होतं, ते काय होतं?

ओळख पटणं आणि आठवणं

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या प्रश्नाचं उत्तर देतो. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एक सूर्याबद्दल होता, एक समुद्री ऊदमांजरांबद्दल. एका गटाने उतारा पाच-पाच मिनिटांच्या चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या बैठकीत वाचला आणि उरलेल्या तिन्ही बैठकांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं. चूक की बरोबर, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पहिल्या गटाचं वाचन सरासरी चौदा वेळा झालं, दुसऱ्याचं जेमतेम साडेतीन वेळा.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांनी बाजी मारली. त्यांना मजकुराचा ८३ टक्के भाग आठवला, लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत चित्र पालटलं: वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, लिहून काढणारे ६१ टक्क्यांवर टिकले. आपल्या विषयासाठी यातली कळीची गोष्ट वेगळीच आहे. आठवड्यानंतर किती लक्षात राहील, असं प्रयोगाच्या वेळी विचारलं तेव्हा जास्त खात्री पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना होती.

असं का व्हावं? डोळ्यांखालून एखादी गोष्ट सहज, न अडता गेली की मेंदू ती 'माहीत आहे' या खात्यात टाकतो. सहजपणा आणि ज्ञान यांची तो गल्लत करतो, आणि रोजच्या व्यवहारात ही गल्लत फारशी महाग पडत नाही. ओळखीचा चेहरा ओळखीचा वाटला, एवढ्यावर भागतं. शिकताना मात्र समोर आलेली गोष्ट ओळखणं आणि समोर नसलेली गोष्ट आठवून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. वाचनात पहिल्याचा सराव होतो. वेळेला लागतं दुसरं. शिवाय आठवून काढण्याचा प्रयत्न म्हणजे नुसती तपासणी नव्हे, त्या प्रयत्नानेच आठवण पक्की होते. म्हणून ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारणं, पिवळं पेन फिरवणं, पुन्हा एकदा वाचून काढणं या आपल्या लाडक्या सवयींना २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा ताळेबंद मांडताना तळाला बसवलं. वर होत्या दोनच: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यासात अंतर सोडणं.

तेव्हा "एकदा वाचलं की बसतं" म्हणणाऱ्याची जमेची बाजू बहुधा एवढीच असते, की त्याचं वाचन चांगलं आहे. बसलं की नाही, हे त्याने कधी पाहिलेलं नसतं.

पटत नसेल तर एक कागद घ्या आणि सायकलचं चित्र काढा. चाकं, दांडे, पायडल, साखळी. लिव्हरपूल विद्यापीठात रेबेका लॉसन यांनी लोकांकडून हेच करून घेतलं होतं (२००६). कित्येकांनी साखळी पुढच्या चाकालाही जोडली. काहींनी सांगाड्याचा दांडा दोन्ही चाकांच्या मध्ये असा ठोकला की हँडल वळणारच नाही. जन्मभर पाहिलेली वस्तू! चित्र काढायला घेईपर्यंत प्रत्येकाला ती माहीत होती.

व्याख्यान ऐकून घरी आल्यावर

मराठी माणसाचा यात एक खास नाजूक कोपरा आहे: व्याख्यान. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, आणि तेव्हापासून गावोगावी व्याख्यानमालांची परंपरा चालत आली आहे. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण उत्तम वक्ता हा श्रोत्याच्या अंदाजाचा मोठा शत्रू असतो, हेही तितकंच खरं. शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली एक मजेदार तुलना केली. विषय होता तीनरंगी चट्ट्यांच्या मांजरी जवळजवळ नेहमी माद्याच का असतात. तीच बाई, तोच मजकूर. एका चित्रफितीत ती ताठ उभी राहून, डोळ्यांत बघून, ओघवतं बोलते. दुसऱ्या फितीत कागदात बघत अडखळत वाचते. ओघवतं ऐकणाऱ्यांना वाटलं की आपल्या पुष्कळ लक्षात राहील. प्रत्यक्षात दोन्ही गटांना जवळपास सारखंच आठवलं.

हार्वर्डमध्ये २०१९ साली भौतिकशास्त्राच्या वर्गात याची दुसरी बाजू दिसली. मुलांना गणितं स्वतः सोडवायला लावणाऱ्या तासात ती जास्त शिकली, आणि त्यांना वाटलं मात्र आपण कमी शिकलो. झगडावं लागलं म्हणजे आपल्याला येत नाही, असा त्यांनी अर्थ लावला.

म्हणून व्याख्यानाला जाऊ नका, असं नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता "काय सांगितलं आज?" या प्रश्नाला "फार सुंदर बोलले" यापलीकडे उत्तर देता येतं का, ते बघा. दोन मुद्दे नीट सांगता आले तर संध्याकाळ सत्कारणी लागली.

परवचा काय करत होता

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली विसरण्याचा पहिला हिशेब मांडला. प्रयोगशाळा तो स्वतःच होता. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या त्याने बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ केल्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात, ते मोजलं. वीस मिनिटांनी ५८ टक्के कष्ट वाचत, एका तासाने ४४ टक्के, दिवसाने ३४ टक्के. आणि महिन्याभराने? २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा कडा सुरुवातीलाच तुटतो, मग उतार सौम्य होत जातो. पहिल्या दिवशी जे उडून जातं त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ते सगळ्यांचंच उडतं, आणि त्याला 'माझी स्मरणशक्ती वाईट' हे नाव देणं म्हणजे शरीराच्या सामान्य धर्माला आजार म्हणणं.

या उताराला बांध घालायचा उपाय म्हणजे थोडं विसरायला आल्यावर पुन्हा आठवणं, आणि दर वेळी मधलं अंतर वाढवत नेणं. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत होती तिने हे काम विनासायास केलं. पाढे, मग अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, पुढे सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतिनाची. पुस्तक न उघडता, रोज, वर्षानुवर्षं. ऐंशीच्या घरातली माणसं आजही साडेतिनाच्या पटी तोंडावर फेकतात ती त्याच्या जोरावर.

पण परवच्याची दुबळी बाजूही त्याच पद्धतीत आहे. साखळीने पाठ केलेलं साखळीनेच बाहेर येतं. "सतरा नव्वे?" विचारलं की कित्येक जण मनात "सतरा एके" पासून चढत येतात आणि मगच "त्रेपन्नासे" म्हणतात. मोडीची बाराखडी क्रमाने घोटणाऱ्याचं हेच होतं. क, ख, ग ओळीने सुरेख, आणि पत्राच्या मधोमध एकटा ग दिसला की ओळख देत नाही.

यावर औषध म्हणजे क्रम मोडणं, सरमिसळ करणं. नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी २००८ साली बारा अपरिचित चित्रकारांची निसर्गचित्रं लोकांना दाखवली. काही चित्रकारांची चित्रं सलग, काहींची एकमेकांत मिसळून. नंतर न पाहिलेलं चित्र दाखवून 'हे कुणाचं?' असं विचारलं तेव्हा मिसळून पाहिलेल्यांचे चित्रकार जास्त ओळखता आले. तरीही, परीक्षा देऊन झाल्यावरसुद्धा, बहुतेकांना वाटत होतं की सलग बघूनच आपण चांगलं शिकलो. स्वतःच्या गुणांपुढेही त्यांची समजूत हलली नाही.

गाणं शिकणाऱ्यांना हे पटकन उमजेल. भूप आणि देशकार या रागांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपाचा जीव गंधारात (ग), देशकाराचा धैवतात (ध). महिनाभर फक्त भूप गायला की भूप छान वाटतो, पण त्याला देशकारापासून कशाने वेगळं ठेवायचं याचा प्रश्नच पडत नाही. एका बैठकीत दोन्ही आळीपाळीने घेतले की सुरुवातीला एकाचा दुसरा होतो, पंचाईत होते, आणि मग धैवतावर किती रेंगाळायचं हे कानाला कळायला लागतं. तो गोंधळ टाळता येत नाही. शिकणं त्या गोंधळातच होत असतं.

"मी ऐकून शिकणारा" आणि "मी बघून शिकणारा" या प्रकरणाचा निकाल दोन ओळींत लागतो. २००८ साली हॅरल्ड पॅश्लर आणि तीन सहकाऱ्यांनी उपलब्ध पुरावे तपासले आणि माणसाच्या आवडीच्या पद्धतीने शिकवल्यास तो जास्त शिकतो याला धड आधार सापडला नाही. आवड असते, ती खोटी नाही. फक्त ती राशीसारखी आहे: सांगायला सोपी, ऐकायला गोड, पुढचं काही ठरवायला निरुपयोगी. लिपी बघूनच शिकावी लागते आणि राग ऐकूनच. शिकणाऱ्याला काय आवडतं, हा मुद्दा तिथे येतच नाही.

वयाचं काय खरं, काय खोटं

वयाबरोबर काहीच घटत नाही, असं म्हणणं हा लोणकढी थापांतला प्रकार झाला. वेग घटतो, आणि फार लवकर घटायला लागतो. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्मिन यांनी २०१५ साली हजारो लोकांच्या चाचण्यांवरून दाखवलं की माहितीवर झटपट प्रक्रिया करण्याची क्षमता विशीच्या आसपासच कळसाला पोचते. पण सगळ्या क्षमतांचा कळस एकाच वयात नसतो. शब्दसंपत्तीचा तर साठीच्या पुढे मागे येतो. 'मेंदूचं वय' नावाचा एकच आकडा नाही. काही खाती रिकामी होत असताना काहींत अजून भर पडत असते.

मोडीच्या वर्गात हे डोळ्यांनी दिसतं. पंचविशीतली इतिहासाची विद्यार्थिनी अक्षरं भराभर ओळखते, पण 'मौजे', 'कसबे', 'तगादा', 'बाकी', 'इनाम' हे शब्द तिच्या कानावरून फारसे गेलेले नसतात. अक्षरं सुटी जुळतात, ओळ जुळत नाही. महसूल खात्यात नोकरी झालेल्या काकांचं उलटं. दोन अक्षरं लागली की पुढचा शब्द त्यांना आधीच कळतो. ही त्यांची खरीखुरी ताकद आहे.

आणि तीच त्यांना खड्ड्यात घालते. ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांत जागा नाही, तेव्हा अंदाजाने वाचणारा माणूस पत्रात जे आहे त्याऐवजी पत्रात जे असायला हवं ते वाचतो. ओघात वाचतो, म्हणून त्याला शंकाही येत नाही. विद्यार्थिनी अडते आणि विचारते. काका अडत नाहीत.

अनुभवाचा हा काच मोडीपुरता नाही. २००५ साली डॉक्टरांच्या कामावरच्या ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. व्यवसायात जास्त वर्षं झालेल्यांचं ज्ञान अद्ययावत असण्याचं आणि उपचार नव्या निकषांप्रमाणे असण्याचं प्रमाण निम्म्याहून अधिक अभ्यासांत कमी आढळलं. वीस वर्षांचा अनुभव म्हणजे वीस वर्षांचं शिकणं, असं आपण धरून चालतो. कामात हात बसला की आपण चुकायचं थांबतो, म्हणजे निदान चुका दिसायच्या थांबतात, आणि दिसणारी चूक हाच तर पुढे जायचा रस्ता असतो.

दुसरीकडे "वय झालं" म्हणून हात टेकणाऱ्यांसाठी ठाणे जिल्ह्यातलं फांगणे गाव आहे. मुरबाड तालुक्यातल्या या गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीच्या घरातल्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, दप्तर आणि पाटी घेऊन शाळेत यायला लागल्या. त्यांची अडचण स्मरणशक्तीपेक्षा मोतीबिंदू, कमी ऐकू येणं आणि पेन्सिल धरायची सवय नसलेली बोटं ही जास्त होती. हे मुद्दाम सांगतो, कारण 'लक्षात राहत नाही' या तक्रारीमागे कित्येकदा दिसत नसतं किंवा ऐकू येत नसतं. चष्म्याचा नंबर बदलून घेणं हीही अभ्यासाची तयारी आहे.

शाळेत कधी काळी शिकलेलं आणि 'पार विसरलेलं' असतं, त्याचीही एक दिलासा देणारी गोष्ट आहे. हॅरी बारिक यांनी १९८४ साली शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या लोकांची, पन्नास वर्षांपूर्वी शिकलेल्यांपर्यंत, परीक्षा घेतली. पहिल्या काही वर्षांत बरंच गळालं होतं. पण जे उरलं ते पुढची पंचवीस-तीस वर्षं जवळपास तसंच राहिलं, आणि ज्यांनी मुळात नीट शिकलं होतं त्यांचं जास्त उरलं. "देवः देवौ देवाः" अजून ओठांवर येतं ते त्यातलंच. साठीत संस्कृत पुन्हा काढणारा माणूस शून्यापासून सुरुवात करत नसतो, वाटलं तरी.

आरंभशूरांसाठी

एकवीस दिवस केलं की सवय लागते, हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. नव्या चेहऱ्याची किंवा बदललेल्या शरीराची मनाला सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे 'किमान' गळलं आणि चेहराही गळला. प्रत्यक्ष मोजणी फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ लोकांवर केली, २०१० साली ती प्रसिद्ध झाली. नवी गोष्ट अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांहून जास्त लागले असते असा हिशेब निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही, हेही दिसलं.

एकविसाव्या दिवशी अजून कंटाळा येतो म्हणून "आपल्यात चिकाटीच नाही" असा शिक्का मारून घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मात्र लॅलींच्या अभ्यासातल्या सवयी पाणी पिणं, फळ खाणं, चालायला जाणं अशा होत्या. रोज सात वाजता मोडीची वही घेऊन बसणं ही सवय होऊ शकते. अनोळखी पत्र वाचणं ही सवय कधीच होणार नाही आणि होऊही नये. तिथे कष्टच पडायला हवेत. फोनवरच्या भाषा शिकवणाऱ्या ॲपांत हीच गल्लत होते: सलग दिवसांची माळ तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला सगळ्यात सोपा धडा उरकायचा. माळ शाबूत, भाषा जिथल्या तिथे.

आणि सोडून देणं हा दर वेळी दुर्गुण नसतो, असं माझं मत आहे. बासरी दोन महिन्यांत सुटली आणि मोडी चार वर्षं टिकली, तर त्या माणसाने आपलं काय आहे ते शोधून काढलं. काळजी करायची ती वेगळ्या नमुन्याची: प्रत्येक विषय नेमका अवघड व्हायला लागल्यावर सुटतो का? सुरुवातीला सगळंच भराभर येतं. मग पठार लागतं. दर वेळी पठारावरच पाय मागे फिरत असतील तर हौस नव्याची आहे, विषयाची नाही.

मग ठरवायचं कसं

दोन रकाने आखून एकात गुण आणि एकात दोष लिहायची पद्धत मला निरुपयोगी वाटते. त्या रकान्यांत आपण आपल्याबद्दलच्या जुन्या समजुती उतरवतो. त्यापेक्षा अंदाज बांधायचा आणि तो ताडून बघायचा.

मोडीत ते असं होईल. आठवड्यातून एकदा, पूर्वी न पाहिलेलं चार-पाच ओळींचं पत्र घ्यायचं, लिप्यंतर झाकायचं. वाचायच्या आधी कोपऱ्यात आकडा लिहायचा: यातले इतके शब्द मला लागतील. मग वाचून ताळा घ्यायचा. अंदाज आणि निकाल यांतलं अंतर हीच स्वतःबद्दलची पहिली भरवशाची माहिती. ते अंतर कमी होत गेलं की पुढचा अभ्यास कशाचा करायचा हे ठरवायला आपण लायक होतो.

दुसरी माहिती चुकांच्या जातीत असते. समजा पत्राच्या तारखेवर गाडी अडली: 'इहिदे सितैन मया व अलफ'. अक्षरं लागली, पण अर्थ शून्य. हा सुहूर सन आहे, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारी जुनी कालगणना, अरबी अंकशब्दांत: एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७६०-६१. १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई याच सालातली. आता या ठिकाणी जो अडला त्याचं मोडी वाचन कच्चं नाही. त्याला अंकशब्द येत नाहीत. दोन संध्याकाळी खर्च केल्या की हा प्रश्न संपला. ज्याला जोडाक्षर लागलं नाही त्याने ते हाताने गिरवायला हवं, आणि ज्याने अंदाजाने भलताच शब्द वाचला त्याला वेग कमी करण्यावाचून गत्यंतर नाही. तिघेही वर्गात "माझं वाचन कच्चं आहे" एवढंच म्हणतात, आणि तिघांनाही "सराव वाढवा" हा एकच सल्ला मिळतो. खरा दोष नेहमी असा बारीक, नाव-पत्ता असलेला असतो. तो चुकीतच सापडतो.

काही चुका मात्र एकट्याला दिसत नाहीत. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी १९९९ साली तर्क, व्याकरण वगैरेंच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा तळाच्या चौथाईतल्या लोकांनी आपल्याला सरासरीच्या बरंच वर धरलं होतं. त्या आकड्यांपैकी काही भाग निव्वळ संख्याशास्त्राचा खेळ आहे, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि समाजमाध्यमांवर त्या दोघांचं नाव दुसऱ्याला मूर्ख म्हणायला वापरलं जातं ते वेगळंच. पण त्यांचा मूळ मुद्दा व्यवहारात रोज दिसतो: चूक ओळखायला जे ज्ञान लागतं, ते नसल्यामुळेच तर चूक झालेली असते. काकांनी 'असायला हवं' ते वाचलं, हे काकांना कसं कळणार?

त्यासाठी शेजारी दुसरा माणूस लागतो. काका आणि ती विद्यार्थिनी यांची जोडी लावून द्यावी. काकांनी मोठ्याने वाचायचं, तिने अक्षरावर बोट ठेवून "हे इथे कुठे आहे?" विचारायचं, मग तिने वाचायचं आणि काकांनी शब्दाचा अर्थ विचारायचा. आणि एका लेखनिकाच्या हातची पत्रं दोघांना सरळ लागायला लागली, की तिथे थांबायचं नाही. शिवकालीन वळण वेगळं, पेशवेकालीन वेगळं, आणि बोरू जाऊन टाक आल्यानंतरच्या इंग्रजी अमदानीतल्या कागदांची घाईची मोडी आणखीनच वेगळी. पुढच्या आठवड्याचं पत्र दुसऱ्या काळातलं निवडायचं आणि कोपऱ्यातला आकडा नव्याने लिहायचा. तो पहिल्या दिवसाच्या आकड्याजवळ येऊन पडला, तरी वर्ग सोडून जायचं कारण नाही.